चाळिसावी निरोगी बाई

सिस्टरांच्या हनुवटीखाली, डाव्या बाजूला, एक जाड काळा केस उगवतो. दर नवव्या दिवशी तो तीन मिलिमीटर होतो आणि त्याच सकाळी चिमट्याने उपटला जातो. ही नोंद कुठल्याही कागदावर नाही. ती मला ठाऊक आहे, कारण मी दिवसभर त्यांच्या गळ्यात असायचे.

मित्रांनो, मी माप घ्यायची एक जुनी टेप आहे. दीड मीटर लांब, एके काळी पांढरी, आता चहात बुडवल्यासारखी. कारखान्यात माझ्यावर आकडे छापले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या शिंप्याकडे जाईन, रेशमावरून सरसर फिरेन. नशिबात होत्या बायकांच्या कमरा. दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत मी आले. तिथे एक पडदा, एक स्टूल, रक्त घ्यायचं टेबल आणि एक वजनकाटा. वजनकाट्याशी माझं कधी जमलं नाही. तो आपला आकडा लाल अक्षरांत साऱ्या खोलीला दाखवतो. माझा आकडा फक्त सिस्टर वाचत, तोही हळू.

खोलीत डॉक्टर मॅडमचा एक अभ्यास चालू होता. ज्यांची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, ओठांवर-हनुवटीवर राठ केस येतात, शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी मुरुमं सुटत नाहीत, मानेची कातडी काळवंडते, अशा बायका त्या तपासत. या दुखण्याला पीसीओएस म्हणतात. सगळं सगळ्यांना होतंच असं नाही. काही जणी तर माझ्याइतक्या सडसडीत असत. मॅडमना पाहायचं होतं, यांच्या शरीरात आतली सूज किती आहे. मुरगळलेल्या पायाची सूज दिसते, ठणकते. ही तशी नव्हे. ही राखेखालच्या निखाऱ्यासारखी. रक्त तपासलं तर सीआरपी नावाचं प्रथिन त्यात थोडं जास्त सापडू शकतं, एवढीच तिची खूण. पण जास्त म्हणजे कुणापेक्षा? म्हणून अशा साठ जणींच्या जोडीला चाळीस निरोगी बायका हव्या होत्या.

माझं काम सोपं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मला गुंडाळायचं आणि श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. पण टेप दिसली की बाई पोट आत घेणारच. वकीलबाई घेत, बसच्या कंडक्टरबाई घेत. व्यायामाच्या एका शिक्षिकेने ते इतका वेळ आत धरून ठेवलं की तिला स्टुलावर बसवून पाणी द्यावं लागलं. एकीने आत्ताच जेवून आल्याचं सांगून दोन सेंटीमीटरची सूट मागितली. सिस्टर म्हणायच्या, "श्वास सोडा. मी कुणाला सांगत नाही." मग श्वास सुटे आणि पाठोपाठ मनातलंही. आपण आळशी म्हणून हे झालं, असं म्हणून रडणाऱ्या कितीतरी जणींना सिस्टरांनी समजावलं, की हा आजार आहे, गुन्हा नाही, आणि तपासून घेतलं तर उपाय आहेत.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! सिस्टरांची स्वतःची पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नसे. आईला त्यांनी फोनवर दमणुकीचं कारण दिलं होतं. स्वतःला आधी उन्हाळ्याचं दिलं, मग बदलीचं, मग या अभ्यासाचं. फरशी पुसणाऱ्या मावशींच्या नजरेतून काही सुटत नसे. आयत्या मॅडम समोर असताना एकदा दाखवून का घेत नाही, असं त्या विचारत. अभ्यास संपू दे, असं उत्तर ठरलेलं. अभ्यासाचं तिसरं वर्ष चालू होतं.

एकोणचाळीस निरोगी बायका मिळाल्या आणि गाडी अडली. मॅडमची नजर सिस्टरांवर गेली. घरचीच बाई असताना आपण गावभर का शोधतोय, असं त्या म्हणाल्या. सिस्टर पेचात पडल्या. निरोगी म्हणून रक्त दिलं तर मॅडमचा सगळा हिशेब नासणार. खरं सांगितलं तर, साठ जणींना जे शांतपणे सांगितलं ते स्वतःबद्दल ऐकावं लागणार. मग त्यांनी सर्दी काढली. सर्दीत सीआरपी वाढतो आणि मग ते रक्त चालत नाही, हे त्यांना पाठ होतं. त्या वर्षी सिस्टरांना अकरा वेळा सर्दी झाली.

इकडे माझं पहिलं टोक झिजलं होतं. म्हणून सिस्टर शून्याऐवजी माझा दहाचा आकडा धरत आणि आलेल्या मापातून दहा वजा करत. दोन वर्षांत एकदाही चूक नाही. ही टेप आणि आमच्या सिस्टर, दोघीही बिनचूक, असं मॅडम एकदा पाहुण्यांना म्हणाल्या होत्या, तेव्हा मी गळ्यातच ताठ झाले. पण पुढच्या पाहुण्यांनी माझं टोक पाहून नाक मुरडलं. नवी पिवळी टेप आली आणि मी टाचण्या आणि वाळलेल्या पेनांसोबत खणात गेले. खण नीट लागत नसे, म्हणून पुढचं सगळं फटीतून पाहिलं.

टेप नवी होती, हात जुनेच होते. सिस्टर आता शून्यापासून मोजत आणि तरीही दहा वजा करत.

त्या आठवड्यात पुन्हा मोजणीला आलेल्या अकरा जणी हरखून गेल्या. कंडक्टरबाई इथून थेट केक खायला गेल्या. शेवटची बाई गेल्यावर सिस्टरांनी दार लावलं आणि पिवळी टेप स्वतःला गुंडाळली. आधी पोट आत घेतलं, मग प्रामाणिकपणे सोडलं. चौऱ्याण्णव. वजा दहा, चौऱ्याऐंशी. मागे माझ्यावर त्र्याण्णव भरली होती. आरशात बघून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे आपोआप सुधारतंय." दुसऱ्या सकाळी मॅडमना त्यांनी होकार दिला. कागद समोर आला. कमरेच्या रकान्यात चौऱ्याऐंशी लिहिलं गेलं. त्याखाली प्रश्न होता, पाळी नियमित आहे का. पेन तिथेच थांबलं.

तेवढ्यात मॅडम आठवड्याचे कागद घेऊन आल्या.

"सिस्टर, अकरा जणींची कंबर बरोब्बर दहा-दहाने उतरलीय. असं औषध मी दिल्याचं मला तरी आठवत नाही."

"असेल तर आधी मला द्या," मावशी दारातून म्हणाल्या.

सिस्टरांनी पिवळ्या टेपचं टोक पाहिलं, शून्य पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग लाल पेनने अकरा आकडे दुरुस्त केले, प्रत्येकापुढे सही केली. बारावा आकडा उरला.

मित्रांनो, आम्हा टेपांना ओढू नका, उन्हात टाकू नका, टोक झिजलं तर वेळीच बदला. मी रागावणार नाही. पण एक विनंती आहे. आकडा आवडत नाही म्हणून मोजायचं सोडू नका. शरीराला आपला आकडा माहीत असतोच, आपण ऐकून घेतला नाही तरी.

सिस्टरांनी चौऱ्याऐंशीवर रेघ मारली आणि चौऱ्याण्णव लिहिलं. रक्त घेणारा तंत्रज्ञ त्यांच्या दंडाला पट्टा बांधू लागला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. मॅडमनी, पुन्हा सर्दी झाली का, असं विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. मावशींनीही पुसणं थांबवलं. "मला चाळिसावी धरू नका, मॅडम. चार महिने पाळी नाही मला. मी त्या साठ जणींतली आहे. मला तपासा. आजच."