काळी बाहुली पांढरी कशी झाली

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. मंचावर काचेची बरणी, बरणीत पाण्यासारखं स्वच्छ 'निर्मळजल' आणि त्यात बुडालेली बोटभर उंचीची काळी बाहुली. गुलाबाच्या अत्तराचा वास इतका, की पहिल्या रांगेतल्यांना ठसका लागत होता.

"बघा, बघा! रोग अंग सोडतोय!" उजळबाबा गरजला.

आणि खरंच, बाहुलीच्या खांद्यावरचा काळा रंग सुरकुतला, सुटला आणि पापुद्र्या-पापुद्र्यांनी तळाशी बसला. पांढरे हातमोजे घातलेल्या बाबानं बाहुली उचलून मऊ ब्रशानं हलकेच घासली. बाहुली पांढरीशुभ्र! टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

"डॉक्टर काय देतो? रसायन! मी काय देतो? संकल्प! ज्याची बाहुली उजळली, त्याच्या गोळ्या संपल्या!"

रोग्याच्या नावानं एकेक बाहुली बुडवली जायची; ही मॉडेलवाल्याच्या ताईच्या नावाची होती. ताईला फिट्स यायच्या. रोजच्या गोळीनं सहा वर्षं एकही आली नव्हती. त्या दिवशी ताई डोळे पुसत मंचावरून उतरली आणि भावाला म्हणाली, "सुटले रे बाबा एकदाची!"

मॉडेलवाल्याची नजर बाहुलीवरून हटेना. कारण ती बाहुली त्यानंच बनवलेली होती.

इमारतींची छोटी मॉडेल्स बनवणं आणि लोकांची खेळण्यातली जुनी विमानं, जुने शिपाई साफ करून नव्यानं रंगवणं, हा त्याचा धंदा. वर्षापूर्वी एक गोडबोल्या गिऱ्हाईक दुकानात आला होता. मूर्तीला धक्का न लावता जुना रंग कसा काढायचा, हे त्याला हवं होतं. कुणी आपल्या कामाचं विचारलं की मॉडेलवाल्याची कळी खुलायची. त्यानं सगळं ओतलं.

"आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायचं. इंजेक्शनआधी कापसानं लावतात ना, तसलंच स्पिरिट. पण हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ काडीसुद्धा पेटवू नका. आधी मूर्तीच्या तळव्याला एक थेंब लावून बघा, वस्तूला सोसतंय का. थिनर अजिबात नको, प्लास्टिकचा चिखल होईल. आणि खरवडायचं नाही, मऊ ब्रश फिरवायचा."

गोडबोल्यानं शब्द न् शब्द वहीत उतरवला. मग रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या, बाहुल्यांची मोठी ऑर्डर दिली. "प्रायमर नको, नुसता काळा अ‍ॅक्रिलिक मारा," म्हणाला. गुळगुळीत रेझिनवर प्रायमरच्या अस्तराशिवाय रंग टिकत नाही, हे मॉडेलवाल्याला झोपेतही ठाऊक होतं. तरी त्यानं का, म्हणून विचारलं नाही. गिऱ्हाईकाचा हट्ट, आपल्याला काय, असं म्हणून तो रंगवत बसला.

तो गोडबोल्या बाबाचाच माणूस निघाला, आणि आता मॉडेलवाल्याच्याच सूचनांची यादी मंचावर विधी होऊन बसली होती. हातमोजे म्हणजे पावित्र्य. उघड्या खिडक्या रोगाला बाहेर जायला. काडी पेटवायची नाही, कारण म्हणे अग्नी शक्ती खातो. तळव्यावरचा थेंब म्हणजे बाहुलीची परवानगी. स्पिरिटचा वास लपवायला तेवढं अत्तर बाबाच्या पदरचं.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. पण लोक म्हणतील, बाहुल्या तुझ्या, युक्ती तुझी, म्हणजे तूही त्यातलाच. या धास्तीनं तो गप्प राहिला. ताईच्या फोडणीच्या डब्याशेजारी पडलेली गोळ्यांची न उघडलेली पाकिटं रोज बघायचा आणि नजर वळवायचा. स्वतःचीच किळस यायची, पण तोंड उघडत नव्हतं.

पंधराव्या दिवशी सकाळी ताई ओट्यापाशी कोसळली. कपाळाला चार टाके पडले.

"ताई, गोळी घे," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"नको रे. बाबांचा माणूस येऊन गेला. बाहुलीच्या पाठीवर काळा ठिपका राहिला असेल म्हणाला. संध्याकाळी पुन्हा बुडवणार आहेत."

संध्याकाळी ताईची पाळी यायच्या आत मॉडेलवाला मंचावर चढला. खिशातून त्यानं काळी रंगवलेली इवलीशी खुर्ची काढली, इमारतीच्या मॉडेलमध्ये ठेवतात तसली, आणि बरणीत टाकली. बाबा "अहो, अहो" करेपर्यंत खुर्चीचे पाय उजळायला लागले.

"या खुर्चीला कुठला आजार होता?" त्यानं विचारलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा सावरला. "हिच्यावर आजारी माणूस बसला असेल!"

"अंगठ्याएवढ्या खुर्चीवर?"

आता अख्खं सभागृह हसलं. मग त्यानं एक काळी बाहुली टाकली. "ही माझ्या नावाची. मी ठणठणीत आहे. हिच्यावर मोटारीचा पक्का रंग आहे." लोक वाट बघत राहिले. वीस मिनिटं झाली, बाबानं ब्रश झिजवला, बाहुली काळी ती काळीच.

"पाणी रोग ओळखत नाही, रंग ओळखतं," मॉडेलवाला म्हणाला. "हे पाणीसुद्धा नाही, स्पिरिट आहे. कच्चा रंग सोडवतं, पक्क्याला हात लावत नाही. पिऊ नका, अंगाला चोळू नका. मला माहीत आहे, कारण बाहुल्या मी ओतल्या, रंग मी मारला, रंग काढायला मी शिकवलं. ज्यांनी औषधं बंद केलीत त्यांनी आजच डॉक्टर गाठा."

बाबा मागच्या दारानं सटकत होता. चार-पाच जणांनी त्याला तिथंच अडवून धरलं. ताई मात्र भावाकडेच बघत होती.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि पंधरा दिवस तू माझ्या हातचं जेवत होतास?"

तो मान खाली घालून उभा राहिला. ताईनं पदरानं कपाळाची पट्टी सावरली. "चल दवाखान्यात. काय झालं ते डॉक्टरांना तू सांगायचंस, मी नाही."

डॉक्टरांसमोर त्यानं सगळं सांगितलं, अगदी पहिल्या बाहुलीपासून. ताईनं गोळी घेतली, पण घरी जाताना ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ज्याला आजारच नाही, त्यावरही हेच घडतं का? आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्यानं पहिल्याच दिवशी बोलावं. कपाळाला टाके पडायची वाट बघू नये.