नियंत्रित व्यत्यय

विज्ञानाच्या त्या वेबसाइटवर बातम्या आयत्या यायच्या. विद्यापीठं प्रसिद्धिपत्रकं पाठवायची, उपसंपादिका मथळा बदलायची, की झाली बातमी. बाकीच्या वेबसाइटही तेच करायच्या. त्यामुळे एकच बातमी कपडे बदलून गावभर फिरायची.

"मथळा तर संगणकही बदलतो," संपादक सकाळीच तिला म्हणाले होते. "दुपारपर्यंत दुसरीकडे नाही असं काहीतरी आण. नाहीतर वरचे तुझं पान बंद करतील." माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरलेला होता.

समोरचं पत्रक कोळ्यांचं होतं. जाळं सारखं मोडलं, की कोळी पुढचं लहान विणतो. हे म्हणे 'नियंत्रित व्यत्ययाखाली' सिद्ध झालं होतं. खाली प्राध्यापकांचे उद्गार: 'या निष्कर्षांनी आम्हांस अतीव आनंद होत आहे.' खरंच आनंद झालेला माणूस असं बोलतो, हे काही तिला पटेना. तिने सरळ त्यांच्या घरी फोन लावला.

"ते वाक्य माझं नाही हो," प्राध्यापक ओशाळले. "प्रसिद्धी विभाग लिहितो, मी मान डोलावतो. विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"आणि नियंत्रित व्यत्यय म्हणजे?"

प्राध्यापकांनी आवाज खाली आणला. "आमची बायको."

"द्या इकडे तो फोन," मागून आवाज आला. "अगं, मी कोपरे झाडायला गेले की हे आडवे यायचे. शेवटी तह केला. हे सांगतील तीच जाळी, सांगतील तेव्हाच झाडायची. मला वाटलं घर स्वच्छ होतंय. बघते तर मी यांच्या प्रयोगशाळेत बिनपगारी."

"निष्कर्ष नक्की झाला तेव्हा सर काय म्हणाले?"

"म्हणाले, 'संपलं, आता खुशाल झाड.' पण एव्हाना माझाच हात उठेना. स्वयंपाकघरातला कोळी अजून आहे. खाऊन-पिऊन सुखी आहे."

उपसंपादिकेने हसत हसतच बातमी लिहिली. संपादकांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. "झाडू मथळ्यात घे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मात्र ते जवळजवळ धावतच आले. "सगळ्यांनी उचलली गं. शब्दन्शब्द." चोरी झालेल्या माणसाचा चेहरा इतका फुललेला तिने कधी पाहिला नव्हता. "वरच्यांना दाखवली. पान चालू राहतंय. उद्या कुणाला फोन लावतेस?"

तिने हातानेच थांबा म्हटलं. कानाशी प्राध्यापकांच्या बायकोचा फोन होता. "छान लिहिलंस. पण व्यत्यय मी आणला ना? मग बातमीत आधी माझं नाव, नंतर यांचं."

मागून प्राध्यापकांचा आवाज आला, "बदलून टाका हो, नाहीतर माझं काही खरं नाही."