कॉफीवर दिलेला शब्द

हमैदने लाल घळीच्या तोंडाशी फाटक बसवलं आणि सुवैलिमची चूल थंडावली. दोघे सख्खे चुलतभाऊ. सिनाईच्या त्या घळीतून पाहुण्यांना फिरवून आणणं हा दोघांचाही आजोबांपासूनचा धंदा. पण हमैदने कैरोच्या एका कंपनीशी संधान बांधलं आणि आता फक्त त्याचीच माणसं आत जात. गुलाबी-पिवळ्या पट्ट्यांच्या त्या भिंती पाहून लोक वेडावून बाहेर येत, आणि सुवैलिम उंटाशेजारी माश्या मारत बसे.

शेवटी तो रीतीने मागायला गेला. हमैदच्या तंबूत बसला आणि पुढे आलेला कॉफीचा पेला न पिता वाळूवर ठेवला. यजमान मागणं मान्य करीत नाही तोवर पेल्याला ओठ लावायचा नाही, हे वाळवंटातल्या बदू टोळ्यांच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तंबू पर्यटकांनी भरला होता. त्याला ते बरंच वाटलं. चारचौघांत दिलेला शब्द कोण फिरवणार?

फाटक मलाही उघडं ठेव, एवढंच त्याने मागितलं. हमैदने पाहुण्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी समजावलं. ते सरसावून बसले, मोबाईल वर झाले. मग हमैदने छातीवर हात ठेवला.

"पी, चुलत्याच्या पोरा. मागितलंस ते तुझं झालं."

टाळ्या पडल्या. सुवैलिमने भरल्या डोळ्यांनी पेला रिकामा केला.

सकाळी तो दोन पाहुणे घेऊन फाटकाशी गेला, तर पहारेकऱ्याने अडवलं. पाहुणे दुसऱ्याच वाटाड्याबरोबर आत गेले. हमैद आला तो हसतच.

"खरं धरून बसलास होय? अरे, ते पाहुण्यांना दाखवायला होतं."

"कॉफीवर शब्द दिलास तू."

"मग आण की साक्षीदार."

साक्षीदार पहाटेच बसने निघून गेले होते. हमैदच्या आजा-पणजाचा उद्धार करायला सुवैलिमने तोंड उघडलं, आणि ते आपलेही आजे-पणजे, हे आठवून मिटलं.

"लोक खूश झाले बघ," हमैदने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "रोज संध्याकाळी येत जा. पेला ठेवायचा, मी म्हटलं की प्यायचा. पोटापुरतं देईन."

सुवैलिमने तो हात झटकला. घरातलं पीठ संपेपर्यंत तो तिकडे फिरकला नाही.

मग गेला. पेला वाळूवर ठेवला. मागणं काय, हे कुणी विचारलंच नाही.

"जरा थांबून पी," हमैद हळूच म्हणाला, "अजून फोटो काढतायत."

सुवैलिम थांबला.