अकरा फांद्या

मिस्त्रीच्या हाताला गुण होता, असं सगळे म्हणायचे. बंद पडलेलं कसलंही यंत्र त्याच्या शेडमध्ये ढकलत आणावं आणि चालवत न्यावं. जिभेला मात्र सात महिने कुलूप होतं. थोरला भाऊ बागेच्या उतारावर ट्रॅक्टरखाली सापडून गेला, तेव्हापासून कोणी विचारलं की मिस्त्री एकच वाक्य बोलायचा, "दादाचं वळण चुकलं." लोक मान हलवायचे. मेलेला माणूस काही उलट सांगायला येत नाही.

त्या सकाळी वहिनी तोच ट्रॅक्टर घेऊन दारात उभी राहिली. स्वतः चालवत, सपाट रस्त्याने, पहिल्या गिअरमध्ये.

"भाऊजी, ब्रेक तेवढे बघून द्या. उद्यापासून वरच्या बागेत मीच नेणार. फळं सडायला लागलीत, आणि रोज कोणाच्या पाया पडू?"

"तुम्ही? त्या चढावर?"

"का? बाईमाणूस बघून चढ वाढतो की काय?"

एरवी मिस्त्री खो खो हसला असता. आज त्याची नजर सीटच्या मागे गेली. तिथे दोन्ही बाजूंना बोल्टची रिकामी भोकं होती.

तिथली कमान त्यानेच काढली होती. चांगली जाडजूड लोखंडी कमान, कारखान्यातून बसवूनच आलेली. पण फळं धरली की बागेतल्या फांद्या खाली यायच्या, कमान त्यांत अडकायची, आणि एकेक फांदी मोडली की दादाचा जीव तीळतीळ तुटायचा. "हंगामापुरती काढ रे. संपला की लावू." याने पाना उचलला. हंगाम संपला, दुसरा आला. आज लावू, उद्या लावू! कमान शेडमागे भिंतीला टेकून गंजत राहिली. आणि एके दिवशी उतारावर आडवं जाताना वरच्या बाजूचं चाक दगडावर चढलं.

"ब्रेक ठीक आहेत," मिस्त्री म्हणाला. एवढ्यावर गप्प बसला असता तर वहिनी गेलीही असती. तेच त्याला सोसवेना. अरे, एक जीव गेला, आता दुसरा घालवतोस का?

"वहिनी, हा असा चढावर न्यायचा नाही. याची कमान मी काढलीय."

"मागची? ती छत टाकायला होती ना?"

"नाही. ट्रॅक्टर उलटला तर माणूस खाली चिरडला जाऊ नये म्हणून असते ती. ती असती, आणि सीटचा पट्टा बांधलेला असता, तर दादा..."

वहिनी उतरली आणि जुन्या टायरवर बसली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"लेकीने विचारलं होतं मला," ती म्हणाली. "आई, बाबांना नीट चालवता येत नव्हतं का गं? तुम्ही म्हणत होतात म्हणून मी हो म्हणाले. भाऊजी, मी हो म्हणाले."

मिस्त्री तोंडावर हात घेऊन रडला. तिने त्याला गप्प केलं नाही. का करावं?

"संध्याकाळी घरी या," ती उठत म्हणाली. "तिला तुमच्या तोंडाने सांगा. आधी ती कमान लावा. मी इथेच थांबते."

त्याने गंज घासला, कुठे चीर, बाक नाही ना ते पाहिलं, नवे बोल्ट आवळले, पट्टा ओढून बघितला. सगळ्याला तासही लागला नाही.

मग दोघं बागेत गेली. वहिनी पट्टा बांधून ट्रॅक्टरवर, हा करवत घेऊन पुढे, वाटेतले दगड बाजूला सारत. पहिल्याच झाडाला कमान टेकली तशी तिने ट्रॅक्टर थांबवला. फांदी फळांनी लगडलेली होती.

"तोडा," वहिनी म्हणाली.

त्याने तोडली. पुढचीही तोडली. जेवणवेळेच्या आत वाट वरपर्यंत मोकळी झाली. वहिनीने इंजिन बंद केलं आणि मागे वळून खाली पडलेल्या फांद्यांकडे पाहिलं.

"एवढ्याच होत्या?"

मिस्त्रीने खालपासून वरपर्यंत पुन्हा मोजल्या. अकराच होत्या.