उलटा पडलेला ठोका

एलादियो किन्योनेसने आपल्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डची नमुना-प्रत बगलेत मारली आणि तो थेट फेलामावशीच्या स्वयंपाकघरात शिरला. त्याने होकार कळवताच कंपनी रेकॉर्ड छापणार होती. कंपनीचा साहेब खूश होता. पण त्या साहेबाला मॅम्बोचा नाच आणि लग्नाची वरात सारखीच. इथे हार्लेमच्या वस्तीत निकाल मावशीच्या पायांचा.

तीन गाणी मावशी केळी तळता तळता नाचली. चौथं खुद्द एलादियोने रचलेलं, त्याच्याच नावाचं. त्यात ती मध्येच झारा उगारून थांबली.

"क्लावे उलटा पडलाय, मेल्या!"

क्लावे म्हणजे दोन लाकडी दांड्यांचा ठोका. तो उलटला की नाचणाऱ्याचा पाय हवेतच राहतो.

"गायक आधी घुसला, मावशी."

"गायक सरळ आहे. दांड्या कोणी धरल्या होत्या?"

एलादियोने केळ्याचा काप तोंडात कोंबला.

"बोला की, बँडमास्तर!"

"मी."

"वाटलंच. फोटो काढत होते का तेव्हा?"

काढतच होते.

"साहेबाला कुठे कळतंय? छापू दे."

"साहेब कुठे नाचणार आहे? शनिवारच्या नाचाला हॉलमध्ये आपली माणसं अडखळतील."

एलादियोने फोन लावला. साहेबाने पुन्हा रेकॉर्डिंग करायला साफ नकार दिला.

"मग ते गाणं काढून टाका."

"अहो, त्यातच तर तुमचं नाव आहे!"

"म्हणूनच काढा," म्हणून त्याने फोन आपटला.

मावशीने केळ्यांची ताटली त्याच्यापुढे सरकवली. "आता पाचवं लाव. आणि त्यात तू काय वाजवलंयस, ते आधीच सांग."