भंडाऱ्याची नोट

अँथ्रासीन ही फिकट, जवळजवळ पांढरी पूड असते. नोटेवर ती चोळली तर साध्या उजेडात काही दिसत नाही. अतिनील किरणांच्या दिव्याखाली मात्र ती निळी झळकते, आणि ज्या बोटांनी ती नोट घेतली ती बोटेही झळकतात. १९६१ साली लाचलुचपत खात्याचे इन्स्पेक्टर असा दिवा घेऊन पौडला आले आणि त्यांनी मला पंच म्हणून बोलावले. शास्त्र शिकवणारा मास्तर पंच मिळाला याचे त्यांना बरे वाटले असावे. मी होकार दिला तो दिव्यापायी नव्हे, धुळापायी.

धुळा कोळवणच्या खोऱ्यात मेंढरे राखत असे. त्याची मेंढरे गावच्या गायरानात चरत असली की जंगल खात्याचा गार्ड हैबतराव ती हाकून कोंडवाड्यात घाली, राखीव जंगलात सापडली असे सांगे, आणि दहा रुपये घेऊन सोडी. हद्दीचे दगड कोठे आहेत हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होते, आणि सर्वांत नेमके हैबतरावाला. पूर्वी तो हे सणासुदीला करी. पुढे मनाला येईल तेव्हा करू लागला. कोंडवाड्यात कोकरांना दूध मिळत नसे. मागच्या खेपेस त्यातली दोन दगावली.

"आता हितं त्यो तरी ऱ्हाईल न्हाईतर मी तरी," तक्रार देऊन आल्यावर धुळा मला म्हणाला. "त्यो सुटला तर माझं एक बी मेंढरू ह्या खोऱ्यात चरू द्यायचा न्हाई. मग मी कुटं जाऊ?"

गावाचे मत निराळे होते. चहावाल्या भिवाजीने दुकानात सगळ्यांदेखत त्याला हटकले, "धुळ्या, धा रुपड्यांपायी सरकारी मान्साच्या पोटावर पाय देतुयास व्हय रं?"

"आन् त्यो माझ्या पोटावर नाचतुया, ते दिसंना व्हय तुला?"

"दिसतंय की. पर नाचू द्यावं. रोज थोडंच नाचतुया."

लोक हसले. रक्कम लहान असली की गुन्हाही लहान होतो, हे गणित मी त्यापूर्वी आणि त्यानंतरही पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले आहे. ज्याच्या घरात महिन्याला तीस रुपये येतात त्याचे दहा रुपये लहान नसतात. लहान असतो तो घेणारा.

इन्स्पेक्टरांनी माझ्यासमोर नोटेवर पूड चोळली, घडी घालून ती धुळाच्या बंडीच्या खिशात ठेवली आणि बजावले, "त्यानं मागेपर्यंत नोटेला हात लावायचा नाही." धुळाने मान हलवली. मेंढरे त्या दिवशीही कोंडलेली होती. आम्ही कोंडवाड्याच्या भिंतीआड उभे राहिलो. हैबतराव आला. त्याने विचारले, "आणलंस का?" धुळाने विचारले, "किती द्यायचं, सायेब?" "नेहमीचं. पुन्हा पुन्हा काय विचारतोस?" नोट एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तशीच घडीसह खाकी शर्टाच्या खिशात गेली, आणि आम्ही पुढे झालो.

शेजारच्या खोपटाचे दार लावून दिवा पेटवला. हैबतरावाची बोटे स्वच्छ निळी झळकली. तो चिडला, आरडाओरडा करू लागला. मग इन्स्पेक्टरांनी नोटेची घडी उलगडली. आतून हळदीची चिमूट जमिनीवर सांडली आणि दिव्याखाली हिरवट पिवळी चमकली.

"हे काय आहे?"

"भंडारा," धुळा म्हणाला. "बिरोबाचा."

"तुला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"नोटला कुटं लावला? आत चिमूट सोडली निस्ती. देवाला कळाया नगं, कुणी खाल्लं त्ये?"

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितले की इन्स्पेक्टरांना संतापायलाही क्षणभर सुचले नाही. धुळाच्या लोकांत मेंढरू विकायचे असो की सोयरीक जुळवायची असो, भंडाऱ्यावाचून महत्त्वाचे काही होत नाही. पुड्याच त्यांच्या कमरेला असतात. सरकारी पुडीवर त्याने आपली पुडी घातली होती. मला काळजी वाटली नाही. दोन पदार्थांचे दोन रंग. ते कोणालाही वेगळे दाखवता येतात. हैबतरावाचा चेहरा मात्र बदलला होता. निळी बोटे पाहून तो आरडला होता. हळद पाहिल्यावर गप्प झाला. हे निरीक्षण मी पंचनाम्यात लिहिण्याजोगे मानले नाही, कारण चेहरा हा पुरावा नव्हे.

पुण्याच्या कोर्टात आरोपीच्या वकिलांनी आधी हळदीवरच भर दिला. हळद झळकते, आरोपीने सकाळी देवपूजा केली होती, तेव्हा ती झळाळी पूजेची. मी न्यायाधीशांच्या परवानगीने खिडक्या लावून घेतल्या आणि दोन कागदांवर दोन भुकट्या दिव्याखाली दाखवल्या. एक निळी, एक पिवळी. बोटे निळी होती. वकील महाशय हसले आणि त्यांनी एका वाक्यात तो मुद्दा सोडून दिला.

"मास्तर, आपण देव मानता?"

"या प्रश्नाचा खटल्याशी संबंध नाही."

"उत्तर द्या."

"नाही."

"मग देवाला वाहिलेला पैसा आणि माणसाला दिलेला पैसा यांतला फरक आपल्या दिव्याखाली दिसतो का?"

मी म्हणालो की दिवा फक्त कोणी घेतला ते दाखवतो. ते म्हणाले, "इतकंच हवं होतं." आरोपीने घेतल्याचे आता मान्य होते. घेतली ती लाच नव्हे, जत्रेची वर्गणी. मग त्यांनी धुळाला उभे केले.

"नोटेत भंडारा तू घातलास?"

"व्हय."

"देवाचं नाव घेऊन?"

"व्हय. पर—"

"फक्त हो किंवा नाही."

"व्हय."

"भंडारा घातलेला पैसा तुम्ही लोक माणसाला देता, की देवाला?"

धुळाने हात कनवटीला नेला. त्याला खोटे बोलता आले असते. आरोपी सकाळपासून तेच करत होता. "देवाला," तो म्हणाला. मग न्यायाधीशांकडे वळून, कोणी थांबवायच्या आत म्हणाला, "सायेब, ह्यो हैबतराव म्हनतोय जत्रंचं पैकं, तर त्यानं हितं बेलभंडार उचलावा. मी तक्रार माघारी घेतो. लगीच."

शपथेसाठी त्याने कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढून पुढे केली. ज्याने तासाभरापूर्वी सत्याची शपथ घेऊन तीन धडधडीत थापा मारल्या होत्या, तो हैबतराव आरोपीच्या पिंजऱ्यात एक पाऊल मागे सरला. मी ते पाहिले. न्यायाधीशांनीही पाहिले असणार. ते त्याच्यासमोरच बसले होते. त्यांनी शिपायाला सांगितले, "ती पुडी बाहेर ठेवायला सांगा."

निकाल इंग्रजीत लागला. रक्कम अल्प, धार्मिक देणगीचा संभव पूर्णपणे नाकारता येत नाही, फिर्यादीनेच अंशतः कबूल केले; सबब संशयाचा फायदा. सरकारी नोकराच्या हाती असा पैसा सापडला तर तो लाच नव्हता हे त्यानेच सिद्ध करायचे असते, असे कायदा स्पष्ट सांगतो. कोणती जत्रा, कोणत्या महिन्यात, आणि वर्गणी कोंडवाड्याच्या दारात का, हे त्याला कोणी विचारलेही नाही. भंडारा लाच झाकायला कोर्टात चालला. खोटे उघडे पाडायला निघाला तेव्हा तो बाहेर ठेवायची वस्तू ठरला. हे मला अजूनही शांतपणे लिहिता येत नाही.

हैबतराव पगारासकट त्याच जागेवर परत आला. आठवड्यात त्याने धुळाची सगळी मेंढरे कोंडली.

पुढचे मला धुळाने पौडच्या एस.टी. थांब्यावर सांगितले. तो कोंडवाड्यावर गेला, दहाची नोट काढली, सगळ्यांदेखत तिच्यावर मूठभर भंडारा टाकला आणि दारातल्या दगडावर ठेवली.

"म्हनला, पुसून दे. मी म्हनलं, तुमीच पुसा की, सायेब. वर्गणीच हाय." धुळा हसला. "लई येळ बघत बसला नोटंकडं. मग दार उघडलं न् म्हनला, ने तुजी मेंढरं. आता भिवाजी बी भंडारा ठेवतुया गल्ल्यात, त्याच्यासाटी."

"चांगलं झालं," मी म्हणालो, आणि मला ते मुळीच चांगले वाटले नव्हते. सरकारच्या माणसाला सरकारच्या कायद्याची भीती नाही आणि हळदीची आहे, यात आनंद मानण्याजोगे काय आहे? ज्या दिवशी हैबतरावाच्या जागी हळदीला न भिणारा गार्ड येईल, त्या दिवशी धुळापाशी काय उरेल?

मी त्याला हेच विचारले. म्हणालो, तसा कोणी आला तर माझ्याकडे ये, पुन्हा तक्रार करू, दिवा आहेच.

त्याने डोक्यावरची घोंगडी नीट केली. कोळवणची गाडी लागत होती.

"न्हाई, मास्तर. कोर्टात न्हाई," तो म्हणाला. "तितं तुमचा दिवा हारला न् आमचा देव बी हारला. तिसरं कुणाला घिऊन जायाचं?"

तो गाडीत चढला.