बिरड्याच्या रोजाची डेगची

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची डेगची आहे. छावणीतल्या झिराडकरांच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या फळीवर मी राहते. माझ्या काठावर ‘सौ. सारा अब्राहम झिराडकर’ असं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. साराबाईंना जाऊन तीस वर्षं झाली. मला घासून घासून बायकांचे हात दुखले, तरी ते नाव काही जात नाही.

माझा जन्म कासारी बाजारातला. तांबटानं मला एवढं ठोकलं की अजून ढग गडगडले की माझी पाठ हुळहुळते. मग माझ्या पोटात कलई चढली. तुम्हाला कलई ठाऊक नसेल, आता सगळीकडे स्टीलचं राज्य आहे. तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणजे अन्नाचं विष होतं. म्हणून भांडं तापवून आतून कथलाचा पांढरा मुलामा देतात. तो वापरानं झिजतो आणि पुन्हा करून घ्यावा लागतो. एवढंच माझं पथ्य.

माझं एक गुपित मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. कलई नवी असली की माझ्या पोटात माणसं दिसतात, उलटी पण स्वच्छ. ती झिजू लागली की माणसं पुसट होत जातात आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेलं काहीतरी दिसू लागतं. कुत्रं पुढचे पंजे पसरून बसतं, तसं ते बसतं. पण ते कुत्रं नाही. त्याला तोंडच नाही. घरातली मांजर तेवढी त्याला वळसा घालून जाते. बाकीचे त्याला ओलांडून ये-जा करतात.

झिराडकर हे बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या सणांवरून मी ऋतू ओळखते. पावसाळा सरता सरता नव्या वर्षाची नारळाच्या दुधातली खीर, नवस फेडला की पोह्यांचा गोड मलिदा आणि ऐन पावसात बिरड्याचा रोजा. फार पूर्वी यरुशलेममधलं त्यांचं मंदिर उद्ध्वस्त झालं. त्याच्या दुःखात त्या दिवशी सगळे उपास धरतात, दिवे मंद करून जमिनीवर बसतात आणि रोजा सुटला की मोड आणून सोललेल्या वालाचं बिरडं खातात. ते बिरडं माझ्यात शिजतं, आमसूल घालून.

आता यात एक अडचण बघा. स्वयंपाक करणारीचाच उपास, तर मीठ कोण चाखणार? म्हणून या घरात दर वर्षी उपास नसलेली बाहेरची बाई मीठ चाखते.

साराबाईंच्या काळी भांडी घासणारी लक्ष्मीबाई चाखायची. एका वर्षी माझी कलई उडाली होती आणि साराबाईंना ते माहीत होतं. नवी सून सिमखा हिलाही माहीत होतं, कारण कलईवाल्याकडून मला तशीच परत आणणारी तीच होती. लक्ष्मीबाईनं भुकेपोटी वाटीभर बिरडं खाल्लं. तीन दिवस तिच्या पोटात पाणी ठरेना. साराबाईंनी उरलेलं बिरडं गुपचूप पेरूच्या झाडाखाली ओतलं आणि चारचौघांत म्हणाल्या, “कुठं शिळंपाकं चोरून खाल्लं असेल!” लक्ष्मीबाई वाचली, पण पुन्हा या घराची पायरी चढली नाही. सिमखा ताटं पुसत उभी होती. ती एक शब्दही बोलली नाही. त्या संध्याकाळी मी उंबऱ्यावर ते पहिल्यांदा पाहिलं. मला मेलीला फार लाज वाटली, पण माझा इलाज काय?

सून सिमखाची पुढे सिमखाबाई झाली, शाळेत बाई झाली, निवृत्त झाली. शुक्रवारी दुपारी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, स्वयंपाक करताना ती शेजारच्या मुक्ताबाईला शास्त्रातला त्या आठवड्याचा भाग वाचून दाखवायची. मुक्ताबाई घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, आया होती, तीही आता निवृत्त. ती मेथी निवडत ऐकायची.

एकदा काइनाची, म्हणजे जगातल्या पहिल्या खुन्याची, गोष्ट निघाली. त्यानं भावाचा जीव घेतला, पण त्याआधी देवानं त्याला बजावलं होतं, असं सिमखाबाई सांगत होती. “पाप दाराशी दबा धरून बसलंय म्हणाला. त्याला तू हवा आहेस. पण त्याला आवरणं तुझ्या हातात आहे.”

मुक्ताबाई म्हणाली, “आमच्या धम्मात बी तेच हाय. आपलं आपणच बगायचं. वरनं कोणी येत नाय धरायला.”

सिमखाबाई उंबऱ्याकडे बघत राहिली. दूध उतू गेलं तेव्हा कुठे भानावर आली. तिलाही ते दिसत होतं की काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. यहुदी प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. या शहरात तेवढे कधी जमायचे नाहीत. त्या वर्षी पुण्याहून, जालन्याहून पाहुणे येणार होते आणि सिमखाबाईच्या घरात पहिल्यांदाच दहा भरणार होते. तिनं प्रत्येकाला फोनवर ऐकवलं होतं, “सासूबाईंच्या डेगचीतलं बिरडं खायला या!” या गडबडीत मला कलईला द्यायचं राहिलं. रोजाच्या दिवशी सकाळी ती मला रिक्षात घालून शहागंजला कलईवाल्या मुनीरभाईकडे घेऊन गेली.

मुनीरभाईनं माझ्यात बोट फिरवलं. “बाई, अंदर की कलई पूरी उड गई. मेरा भाता फट गया, कल करके देतूं. आज इसमें खट्टा नक्को पकाव. जहर हो जाता.”

सिमखाबाईनं मान डोलावली आणि मला घरी आणलं. घरात स्टीलची दोन पातेली होती. दोन खेपांत काम झालं असतं. तिनं ती काढली, पुसली आणि परत ठेवली. “एका वेळेनं काय होतंय,” असं ती मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे. वाल पडले, आमसुलं पडली. मला आतून खाज सुटावी तसं झालं. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं ना, तर मी छावणीभर बोंब मारली असती!

उन्हं कलली. बाहेरच्या खोलीत दिवे मंद करून दहाही पुरुष जमिनीवर बसले होते. त्यांचं रडक्या चालीतलं पठण भिंतीतून झिरपत आत येत होतं. मी दोन तास तशीच भरलेली होते. माझ्या काठावर हिरवी कड उमटली. सिमखाबाईनं ती पदरानं पुसली. थोड्या वेळानं ती पुन्हा उमटली. माझ्या पोटात आता एकही माणूस दिसत नव्हतं, फक्त ते दिसत होतं. आणि त्या दिवशी ते उंबऱ्यावर बसलेलं नव्हतं. ते आत आलं होतं, ओट्याखाली, सिमखाबाईच्या पायांशी.

मुक्ताबाई हात पुसत आली. “आणा पळी. मीठ बगते. लई उशीर झाला का?”

सिमखाबाईनं पळी बुडवली आणि तिच्या हातात दिली. होय, दिली. मी लपवून काय करू? मुक्ताबाईनं तळहातावर रस घेतला, फुंकर मारली आणि हात तोंडाकडे नेला. बाहेरचं पठण त्याच क्षणी थांबलं. मांजर पाठ फुगवून फुसकारली.

“थांब!” सिमखाबाईनं तिचं मनगट धरलं. तो रस तिनं मुक्ताबाईच्या तळहातावरून स्वतःच्या जिभेवर घेतला. पन्नास वर्षांत एकदाही न मोडलेला रोजा, सूर्य मावळायला थोडाच वेळ उरला असताना तिनं मोडला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. ती मोरीत थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली.

“अवो, काय झालं? रोजा हाय ना तुमचा?”

“कळकलंय. आणि मला सकाळपासून माहीत होतं, मुक्ता. तरी तुला पळी दिली.”

मुक्ताबाईनं आपला तळहात नळाखाली धरला, साबण लावून दोनदा धुतला. ते पाहून सिमखाबाईला रडू फुटलं. मग ती तशीच बाहेरच्या खोलीत गेली आणि सगळ्यांसमोर बोलली. आजचं बोलली, आणि लक्ष्मीबाईचंही बोलली. ती चोर नव्हती, हे त्या घरात पन्नास वर्षांनी कुणीतरी मोठ्यानं म्हटलं. पुण्याचे एक वयस्क पाहुणे खाली बघत म्हणाले, “बाई, माणसाचा जीव आधी. रोजा पुढल्या वर्षी येतोच.”

त्या रात्री दहा पुरुषांनी मुक्ताबाईच्या घरचं पिठलं आणि भाकरी खाल्ली. मुक्ताबाईनं सगळ्यांना वाढलं. पण सिमखाबाईच्या ताटात भाकरी टाकताना तिनं तिच्याकडे पाहिलं नाही. शुक्रवारची मेथी निवडायला ती तीन महिने आली नाही. चौथ्या महिन्यात आली.

रोजाच्या दुसऱ्याच दिवशी मुनीरभाईनं मला कलई केली. मी आरशासारखी झाले, उंबरा मोकळा दिसू लागला. मला वाटलं, गेलं एकदाचं.

मित्रांनो, ते गेलेलं नाही. परवा माझ्या तळाशी तांब्याचा नखाएवढा लाल ठिपका उघडा पडला. त्या ठिपक्यात मला दोन पंजे दिसतात. बिरड्याचा रोजा चार दिवसांवर आला आहे. सिमखाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण वाल भिजवण्याआधी ती माझ्या पोटात बोट फिरवते. आज तिचं बोट त्या ठिपक्यावर थांबलं. तिनं उंबऱ्याकडे पाहिलं आणि हाक मारली, “मुक्ता, जरा इकडे ये. डेगचीत बघ. मला नीट दिसत नाही.”

मुक्ताबाई येते आहे, तिच्या चपलांचा आवाज मला ऐकू येतोय. वाल अजून कोरडे आहेत. तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं भांडं असेल, तर ते उतरवा आणि आत नीट बघा. तळ लाल दिसला तर लगेच सांगा, मोठ्यानं सांगा. आणि पळी दुसऱ्याच्या हातात देण्याआधी सांगा.